घडण्याआधीच पकडलेला गुन्हा : दहशतवादाच्या कटाचा खटला कसा वाचावा

‘घातपाताचा मोठा कट उधळला, चार स्थानिक तरुण अटकेत’ अशा धर्तीचा मथळा सकाळी वाचला की आधी हायसे वाटते, आणि तसे वाटण्यात काहीही गैर नाही. स्फोट झालेला नाही, कोणाच्या घरचे माणूस गेलेले नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. खुनाच्या खटल्यात प्रेत असते, दरोड्याच्या खटल्यात लुटलेला ऐवज असतो, आणि हे कोणी केले एवढाच प्रश्न उरतो. न घडलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात ‘कोणी’ हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते, आणि ‘काय’ हे मात्र सिद्ध करायचे राहिलेले असते : त्याच्या मनात काय होते, त्या दिशेने त्याने किती पावले टाकली, आणि कोणी अडवले नसते तर तो तिथवर खरोखर पोहोचला असता का.

हे मार्गदर्शन अशा बातम्या वाचणाऱ्या सामान्य वाचकासाठी, न्यायालयाच्या वार्तांकनाला नव्याने लागलेल्या पत्रकारासाठी आणि विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यासाठी लिहिले आहे. आरोपी दोषी की निर्दोष हे घरबसल्या ठरवण्याची युक्ती यात नाही. कारवाई न्याय्य रीतीने झाली की नाही हे कागदांवरून कसे तपासावे, एवढेच यात आहे. माझे मत आरंभीच सांगतो, म्हणजे वाचकाला ते बाजूला ठेवून पुढचे वाचता येईल. राज्यसंस्थेने स्फोटाची वाट पाहत बसावे असे मला वाटत नाही. परंतु प्रत्यक्ष कृत्यापासून माणूस जितका दूर असताना त्याला पकडले, तितकी त्याच्याविरुद्धच्या पुराव्याची छाननी कडक आणि लवकर व्हायला हवी. व्यवहारात याच्या उलट घडते. आरोप गंभीर आहे म्हणून छाननी पुढे ढकलली जाते, आणि ती होईपर्यंत माणूस तुरुंगात असतो.

वाचायला बसण्यापूर्वी

दोन उलट उदाहरणे मनाशी ठेवावीत. बोस्टनच्या मॅरेथॉनवर हल्ला करणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्याची चौकशी अमेरिकेच्या एफबीआयने २०११ मध्येच केली होती आणि हाती काही न लागल्याने ती बंद केली होती. १५ एप्रिल २०१३ रोजी शर्यतीच्या अंतिम रेषेजवळ स्फोट झाले, तिघांचा जीव गेला आणि शेकडो जखमी झाले. वेळीच पकडायला हवे होते असे म्हणणाऱ्याला उत्तर देणे तेव्हा सोपे नव्हते, आजही नाही.

दुसरे उदाहरण कॅनडातले. जून २००६ मध्ये टोरंटो परिसरात धरपकड झाली आणि एकूण अठरा जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांच्यातल्या एका म्होरक्याने बॉम्बसाठी तीन टन अमोनियम नायट्रेट मिळवण्याची खटपट स्वतः केली होती. पोलिसांनी त्याच्या जागी निरुपद्रवी माल पोहोचवला. त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१० मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या अठरांपैकी अकरा जण दोषी ठरले, तर सात जणांवरचे आरोप मागे घेतले गेले किंवा स्थगित झाले. म्हणजे एकाच मथळ्याखाली, एकाच छायाचित्रांच्या ओळीत, टनावारी स्फोटके मागवणारा माणूसही होता आणि ज्याच्यावरचा खटला उभाच राहू शकला नाही असाही. म्हणून पहिला नियम असा की प्रकरण एकत्र वाचू नये. आरोपी जितके, तितकी पाने करावीत आणि प्रत्येकाच्या पानावर फक्त त्याच्याबद्दलचे लिहावे.

अटक आहे की स्थानबद्धता, हे आधी पाहावे

बातमीत ‘ताब्यात घेतले’ असा एकच शब्दप्रयोग येतो, पण त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात : चौकशीसाठी बोलावणे, गुन्हा दाखल करून अटक करणे, आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. स्थानबद्धतेत खटला नसतोच. राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८० खाली माणसाला जास्तीत जास्त बारा महिने असे ठेवता येते, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे असेल तर सल्लागार मंडळाने पुरेसे कारण असल्याचा अभिप्राय द्यावा लागतो. त्या मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नसतो. अशा प्रकरणात ‘पुरावा कुठे आहे’ असे विचारण्यापेक्षा स्थानबद्धतेचा आदेश कोणत्या तारखेचा आहे, त्याची कारणे त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली का, आणि आदेशाविरुद्धचे त्याचे निवेदन किती दिवस पडून राहिले, हे विचारावे. असे आदेश रद्द होतात ते बहुधा याच मुद्द्यांवर.

गुन्हा दाखल झाला असेल तर कलमे पाहावीत. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायदा, म्हणजे ज्याला सगळे ‘यूएपीए’ म्हणतात, हा १९६७ चा आहे. पण दहशतवादाची प्रकरणे त्यात २००४ मध्ये आली आणि आजची जामिनाची कडक तरतूद मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर, २००८ च्या दुरुस्तीने. त्यातले कलम १५ दहशतवादी कृत्याची व्याख्या करते. न घडलेल्या गुन्ह्यांत मुख्य भार असतो तो कलम १८ वर, कारण कट, चिथावणी आणि ‘पूर्वतयारीची कोणतीही कृती’ हे सगळे त्यात बसते आणि शिक्षा पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. कलम २० सदस्यत्वाचे, ३८ आणि ३९ संघटनेशी संबंध व पाठिंब्याचे. नुसते ३८-३९ लागले असेल आणि १८ नसेल, तर तपास यंत्रणेच्याच म्हणण्यानुसार तयारीची कृती दिसलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. बातमीत मात्र ‘कट’ हा शब्द तरीही असू शकतो.

याबरोबर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, लावला आहे का, हेही तपासावे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब एरवी न्यायालयात ग्राह्य नसतो; मोक्काखाली पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला ग्राह्य धरता येतो. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ या वाक्याचे वजन यूएपीएच्या प्रकरणात जवळजवळ शून्य आहे, मोक्काच्या प्रकरणात बरेच आहे, आणि बातमीत ते वाक्य दोन्हीकडे एकाच टायपात छापलेले असते.

प्रसिद्धिपत्रकातली क्रियापदे

वहीचे पान उभे दुभागावे. डाव्या बाजूला आरोपीने स्वतः केलेल्या गोष्टी लिहाव्यात, उजव्या बाजूला इतर कोणी केलेल्या. मग प्रसिद्धिपत्रकातले प्रत्येक क्रियापद घेऊन ते कोणत्या बाजूला जाते ते पाहावे. ‘विकत घेतले’, ‘पाहणी केली’, ‘पैसे पाठवले’, ‘जुळणी केली’ ही डावीकडची क्रियापदे आहेत. ‘संपर्कात होता’, ‘प्रभावित झाला होता’, ‘विचार होता’ ही कोणत्याच बाजूला बसत नाहीत. त्यांच्यासाठी खाली वेगळी जागा ठेवावी. काही प्रसिद्धिपत्रकांत अर्धे पान त्या खालच्या जागेनेच भरते, असे दिसून येईल.

जप्तीची यादी अशीच वाचावी. मोबाइल, लॅपटॉप, पुस्तके, पत्रके आणि ‘आक्षेपार्ह साहित्य’ हे हेतू दाखवू शकते, क्षमता दाखवत नाही. डिटोनेटर, स्फोटक रसायन, शस्त्र हे क्षमता दाखवते, पण ते कोणाच्या ताब्यातून, कोणत्या पंचांसमोर, अटकेच्या आधी की नंतर मिळाले, हे पंचनाम्यावरूनच कळते. खिळे, सेलोटेप, बॅटरी, खत यांसारख्या वस्तूंना दोन-दोन उपयोग असतात. तिथे न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत मत राखून ठेवावे. शस्त्र किंवा स्फोटक आरोपीकडून मिळाले आणि तशाच प्रकारचे ते गुन्ह्यात वापरल्याचे मानण्यास कारण असले, तर यूएपीएचे कलम ४३-ई गुन्ह्याचे गृहीतक आरोपीवर टाकते. जप्तीच्या पंचनाम्याला म्हणूनच एवढे महत्त्व आहे.

कल्पना कोणाची होती

या साऱ्या पद्धतीचे मर्म इथे आहे, म्हणून एका प्रकरणाशी जरा जास्त थांबतो.

२० मे २००९ च्या रात्री न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात, रिव्हरडेल येथे, दोन ज्यू प्रार्थनास्थळांबाहेर गाड्यांमध्ये पिशव्या ठेवल्या गेल्या आणि लगेच चार जणांना अटक झाली. चौघेही शहराच्या उत्तरेकडच्या न्यूबर्ग या गावचे, गरीब, आणि आधी किरकोळ गुन्ह्यांत तुरुंगात जाऊन आलेले. जवळच्या विमानतळावरील लष्करी विमानांवर क्षेपणास्त्र डागण्याचाही त्यांचा बेत होता, असे आरोपात म्हटले होते. मथळ्यापुरते पाहिले तर याहून स्पष्ट प्रकरण असू शकत नाही : पिशव्या ठेवणारे हात त्यांचेच होते.

आता पान दुभागून पाहू. पिशव्यांतले बॉम्ब एफबीआयने बनवलेले आणि निकामी होते. क्षेपणास्त्रही तिनेच पुरवलेले आणि निकामी होते. चौघांना आणणारा खबऱ्या हा स्वतः फसवणुकीच्या गुन्ह्यात अडकलेला आणि त्यातून सवलतीसाठी सरकारचे काम करणारा माणूस होता. तो २००८ मध्ये न्यूबर्गच्या मशिदीत श्रीमंत व्यापारी म्हणून वावरू लागला. तिथे त्याला मुख्य आरोपी भेटला. हा माणूस ज्यूंबद्दल आणि अमेरिकेबद्दल द्वेषाने बोलत असे, ते ध्वनिमुद्रित आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कृती करण्याची वेळ आली की तो टाळाटाळ करी. २००९ च्या सुरुवातीला तर सुमारे सहा आठवडे त्याने खबऱ्याला टाळले आणि आपण परगावी असल्याचे खोटेच सांगितले. मग त्याची नोकरी गेली. एप्रिलमध्ये त्याने आपणहून फोन केला आणि म्हणाला की मला काहीतरी पैसे मिळवायला हवेत. खबऱ्याने त्याला अडीच लाख डॉलरचे आमिष दाखवले होते. उरलेले तिघे तर शेवटच्या काही आठवड्यांत, पहाऱ्याला माणसे हवीत म्हणून, गोळा केले गेले.

ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचमंडळाने, ऑक्टोबर २०१० मध्ये चौघांना दोषी ठरवले आणि २०११ मध्ये प्रत्येकाला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. ती देणाऱ्या न्यायाधीश कॉलीन मॅकमहन यांनी त्याच वेळी स्पष्ट म्हटले की मुख्य आरोपीला दहशतवादी बनवणे केवळ सरकारलाच शक्य होते. क्षेपणास्त्राच्या कलमाला किमान शिक्षाच पंचवीस वर्षे असल्याने त्याहून कमी देणे त्यांच्या हाती नव्हते, आणि ते क्षेपणास्त्र प्रकरणात आले ते सरकारी बाजूने. २०१३ मध्ये अपिलातही शिक्षा कायम राहिली. मुख्य आरोपीच्या बाबतीत मात्र तीनपैकी एका न्यायाधीशाने विरोधी मत नोंदवले. २०२३ च्या जुलैमध्ये मॅकमहन यांनीच तिघांची आणि जानेवारी २०२४ मध्ये चौथ्याची मुदतपूर्व सुटका करण्याचा आदेश दिला. कट एफबीआयने रचला, लक्ष्ये तिने निवडली, स्फोटके तिने बनवली, दिवसही तिनेच ठरवला, आणि एरवी राज्याच्या न्यायालयात चालले असते असे प्रकरण केंद्रीय व्हावे म्हणून आरोपींना ‘बॉम्ब’ पाहण्यासाठी शेजारच्या कनेक्टिकट राज्यात गाडीने नेले, हे त्यांनी आदेशात एकामागून एक लिहून ठेवले आहे. गाडीतल्या त्या प्रवासाचा तपशील मला फार बोलका वाटतो. राज्याची सीमा ओलांडण्यामागचे कारण त्या माणसांना ठाऊकही नव्हते, आणि त्यांच्यावरच्या खटल्याचे स्वरूप त्या सीमेने ठरवले.

डाव्या स्तंभात काय उरले? द्वेषाचे बोलणे, पैशाच्या आशेने दिलेला होकार, आणि शेवटच्या रात्री ठेवलेल्या पिशव्या. हे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. निकामी आहे हे माहीत नसताना प्रार्थनास्थळाबाहेर बॉम्ब ठेवायला तयार होणारा माणूस निष्पाप नव्हे. पण पंचवीस वर्षे डाव्या स्तंभासाठी दिली की उजव्या, हा प्रश्न प्रत्येक वाचकाने स्वतःला विचारावा.

कॅनडातल्या न्यायालयाने अशाच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाबाहेर १ जुलै २०१३ रोजी प्रेशर कुकरमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्या, व्यसनातून सुटू पाहणाऱ्या एका जोडप्याला ज्युरीने दोषी ठरवले होते. त्यानंतर २०१६ मध्ये न्यायाधीशांनी पोलिसांच्या वर्तनाकडे बोट दाखवून कार्यवाहीच थांबवली; जगात दहशतवादी पुरेसे आहेत, पोलिसांनी आणखी घडवण्याची गरज नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. अमेरिकेत सापळ्याचा बचाव, म्हणजे सरकारी माणसांनीच गुन्ह्याला प्रवृत्त केले हे आरोपीचे म्हणणे, मुख्यतः आरोपीची मूळ प्रवृत्ती काय होती याभोवती फिरतो, कॅनडात पोलिसांनी काय केले याभोवती. म्हणून ‘आधीपासून द्वेषाने बोलत होता’ एवढा पुरावा अमेरिकेत बचाव पाडू शकतो, तर कॅनडात पोलिसांच्या वर्तनाचा जाब तरीही उरतो.

भारतीय कायद्यात सापळा हा स्वतंत्र बचाव म्हणून स्पष्ट लिहिलेला नाही. पण मराठी वाचकाला यासाठी परका मापदंड शोधण्याची गरज नाही; लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची कारवाई आपल्या परिचयाची आहे. तक्रार आली की विभाग थेट सापळा लावत नाही. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, बोलणे ध्वनिमुद्रित होते, त्याचा वेगळा पंचनामा होतो. त्यानंतर नोटांना अँथ्रासीनची पूड लावली जाते आणि पैसे घेणाऱ्याचे हात अतिनील दिव्याखाली तपासले जातात. हात निळसर चमकले तरी मागणी सिद्ध झाली नाही तर खटला टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले आहे. तलाठ्याने पाचशे रुपये घेतल्याच्या प्रकरणात ‘मागणी कोणाची होती’ हे आधी पडताळले जाते. जन्मठेपेपर्यंत जाऊ शकणाऱ्या प्रकरणात तोच प्रश्न विचारणे म्हणजे दहशतवाद्यांची बाजू घेणे नव्हे. खबऱ्या किंवा बनावट ऑनलाइन ओळख धारण केलेला अधिकारी प्रकरणात असेल, तर पहिला प्रस्ताव कोणी मांडला, आरोपीने किती वेळा नकार दिला किंवा टाळले, पैसा व साहित्य कोणी पुरवले, आणि सर्व बोलणे ध्वनिमुद्रित आहे की सोयीचे तेवढेच, हे दोषारोपपत्रात शोधावे.

जामिनाचा आदेश हा सर्वांत उपयोगी कागद

एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, पण दहशतवादाची प्रकरणे त्यातून वगळता येतात. दोषारोपपत्र हजारो पानांचे असते आणि वाचकाच्या हाती लागत नाही. उरतो तो उच्च न्यायालयाचा जामिनावरचा आदेश. तो संकेतस्थळावर मोफत मिळतो, त्यात सरकारी पक्षाचे म्हणणे सरकारी वकिलाच्याच शब्दांत असते, आणि बातमीत न आलेला तपशील तिथे सापडतो.

तो वाचण्याआधी कायद्याची चौकट समजून घ्यावी. यूएपीएच्या कलम ४३-डी(२) खाली दोषारोपपत्रासाठीची ९० दिवसांची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. सरकारी वकिलाने तपासाची प्रगती आणि वाढीव मुदतीची नेमकी कारणे दाखवली असतील तरच. कलम ४३-डी(५) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरे मानण्यास वाजवी आधार असल्याचे न्यायालयाला वाटले, तर जामीन देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये वटाली प्रकरणात सांगितले की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारीक चिरफाड करू नये. याचा साधा अर्थ असा की सरकारी पक्षाचे कागद जसे आहेत तसे धरून चालायचे. मग ते तपासणार कधी? खटल्यात. आणि खटला कधी? इथे येऊन वाचकाने तारखा मोजायला हव्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल आणि कैद लांबली असेल, तर घटनात्मक न्यायालये, म्हणजे उच्च व सर्वोच्च न्यायालय, या कलमापलीकडे जाऊन जामीन देऊ शकतात. जुलै २०२३ मध्ये व्हर्नन गोन्सालविस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना त्याच न्यायालयाने पुराव्याचे मूल्य निदान वरवर तरी तोलून पाहिले पाहिजे, असे म्हटले. या तिन्हींपैकी कोणत्या निकालाचा आधार घेतला आहे, यावरून आदेशाचा कल पहिल्या काही पानांतच कळतो.

परभणीचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. २०१६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दहशतवादविरोधी पथकाने परभणीच्या काही तरुणांना इस्लामिक स्टेटशी संबंध आणि स्फोटाची तयारी या आरोपांवरून अटक केली; पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. त्यांच्यातल्या एकाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये जामीन दिला. न्या. एस. एस. शिंदे आणि न्या. एन. जे. जामदार यांच्या खंडपीठापुढे एक महत्त्वाचा कागद होता, ‘बैत’ म्हणजे निष्ठेची शपथ. खंडपीठाने तो वाचला, आणि त्या टप्प्यावर एवढेच दिसते की हा आरोपी इतरांच्या संगतीत असे व चर्चांत भाग घेई, त्याने हिंसेची चिथावणी दिल्याचे प्रथमदर्शनी दिसत नाही, असे मत नोंदवले. पाच वर्षे लोटली होती आणि खटला संपण्याच्या जवळपासही नव्हता. हे मत फक्त त्या एका आरोपीबद्दल होते. सहआरोपींवरचे आरोप अधिक गंभीर होते. प्रत्येकाचे पान वेगळे का ठेवायचे, याचे हे घरचे उदाहरण आहे. त्या शपथेचे वाचन पहिल्या वर्षी झाले असते तर बरे झाले असते असे मला वाटते, कारण कागद तेव्हाही तोच होता.

कलम ४५ खालची मंजुरीही पाहावी. खटला चालवण्याआधी स्वतंत्र प्राधिकरणाने पुराव्याचा आढावा घेऊन सात कामकाजाच्या दिवसांत शिफारस करायची आणि सरकारने पुढच्या सात कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा, असे २००८ चे नियम आहेत. ही मुदत बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले. तसेच अटकेचा आधार लेखी दिला होता का, हे पाहावे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूएपीएच्या एका प्रकरणातली अटक याच कारणाने अवैध ठरवली, आणि ‘तपासासाठी आवश्यक’ अशी कोणालाही लागू पडणारी कारणे पुरेशी नाहीत, त्या विशिष्ट माणसाविरुद्ध काय आहे ते लिहिले पाहिजे, असे सांगितले.

आकडे आणि कबुल्या

केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१६ ते २०१९ या काळात यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले. यावरून ‘शंभरातले दोनच दोषी’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण अटक झालेल्यांपैकी बहुतेकांचे खटले त्या काळात संपलेलेच नव्हते, आणि दोषी ठरलेले कदाचित आधीच्या वर्षी पकडलेले असतील. उलट बाजूने राष्ट्रीय तपास यंत्रणा नव्वद टक्क्यांहून जास्त दोषसिद्धी सांगते. ती निकाल लागलेल्या खटल्यांपुरती असते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ज्यांचा निकालच लागलेला नाही असे लोक असतात, आणि त्यांची संख्या यापैकी एकाही आकड्यात दिसत नाही.

‘गुन्हा कबूल केला’ याकडेही असेच पाहावे. मुंबईच्या मालवणी भागातून इस्लामिक स्टेटकडे वळल्याच्या प्रकरणात २०१६ मध्ये पकडलेल्या दोघांनी खटल्यात आपणहून गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली. अटकेपासून तेव्हा जवळपास सहा वर्षे झाली होती. त्यांची कबुली खोटी होती असे म्हणण्यास मला आधार नाही आणि मी तसे म्हणत नाही. पण सहा वर्षे आत काढलेल्या माणसाला कबुलीने दोनेक वर्षांत घरी जाता येते आणि लढत राहिल्यास किती वर्षे लागतील हे कोणी सांगू शकत नाही, तेव्हा कबुलीतून अपराध किती आणि थकवा किती व्यक्त होतो हे बाहेरून कळत नाही. अशा कबुलीची नोंद करताना तिच्या शेजारी कैदेची वर्षे लिहावीत.

तारखांचा माग

प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर रोजनामा पाहता येतो. महिन्यातून एकदा पाहिला तरी पुरे. ‘आरोपींना हजर केले नाही’, ‘साक्षीदार गैरहजर’, ‘सरकारी वकिलांचा मुदतीचा अर्ज मंजूर’, ‘आरोपीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज मंजूर’, ‘न्यायाधीश रजेवर’ अशा नोंदी येतील. प्रत्येक तारखेपुढे विलंब कोणामुळे झाला ते एका अक्षरात लिहून ठेवावे : स सरकारी पक्षासाठी, ब बचावासाठी, न न्यायालयासाठी. वर्षअखेर ती अक्षरे मोजली की ‘बचाव पक्षच खटला लांबवतो’ किंवा ‘सरकारच लांबवते’ या दोन्ही नेहमीच्या विधानांची शहानिशा आपल्या प्रकरणापुरती करता येते.

निकालाचा शब्द नीट टिपावा. दोषमुक्त म्हणजे खटला चालवण्याइतकाही पुरावा आढळला नाही, असे न्यायालयाने आरोप निश्चितीआधीच ठरवले. निर्दोष मुक्तता पूर्ण खटल्यानंतर होते. जामिनावर सुटका म्हणजे यांपैकी काहीच नव्हे. बातम्यांत हे तिन्ही ‘सुटका’ या एकाच शब्दाने उरकले जाते.

ज्या वृत्तपत्राने अटकेची बातमी पहिल्या पानावर दिली, त्याने निकाल कुठे दिला ते पाहावे. दिलाच नसेल तर संपादकांना पत्र लिहावे. त्या पत्रात न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक, निकालाची तारीख आणि आदेशातले नेमके एखादे वाक्य असावे. आरोपीच्या गल्लीचे, शाळेचे किंवा भावंडांचे नाव मात्र त्यात लिहू नये. अटकेच्या दिवशी ते सगळे छापून झालेले असते, आणि घर भाड्याने मिळवताना किंवा बहिणीचे लग्न ठरवताना त्या घराला अजूनही त्याला तोंड द्यावे लागत असते.